मुंगीचा कौल

“काळी नको. काळीचा भरवसा न्हाई. तांबडी घावती का बघते,” असं पुटपुटत तुळजाबाई भिंतीच्या कडेनं गुडघ्यांवर सरकत होत्या. मोरीजवळच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली होती. त्यातली एक त्यांनी आगपेटीच्या काडीवर घेतली. अगदी अलगद, तिचा एक पायही दुखावू नये अशी. मुंगीला इतकं जपणारी ही बाई बाळंतपणापासून सुनेशी एक शब्द धड बोललेली नव्हती.

सून, म्हणजे शुभांगी, पलंगावर वाटी धरून बसली होती. वाटीत तिचंच दूध होतं, चमचाभर. ते पिळून काढताना तिला रडू फुटलं होतं, कारण छाती दगडासारखी झाली होती आणि बोंडांना चिरा पडल्या होत्या. शेजारी दुपट्यात गुंडाळलेली मुलगी किंचाळत होती. जन्मल्यापासून तिचं हेच चाललं होतं. तोंड लावायची, एकदोनदा ओढायची, सोडायची आणि अंग काळंनिळं होईपर्यंत रडायची. पोरीला भूक होती, आईला दूध होतं, आणि मधेच काहीतरी अडत होतं. काय अडतंय ते घरात कोणालाच कळेना, म्हणून आता मुंगीला विचारायचं ठरलं होतं.

“आत्या, मुंगीला काय कळतंय?” शुभांगीनं विचारलं.

“तुज्यापरीस जास्त कळतं. वाटी धर नीट. हालवू नगंस.”

पद्धत अशी की बाळंतिणीच्या दुधात मुंगी सोडायची. पोहून कडेला आली तर दूध चांगलं. बुडून मेली तर दूध बाधणारं, लेकराला विषासारखं. ही पद्धत कोणी काढली ते माहीत नाही. ज्यानं काढली त्यानं एखादी मुंगी साध्या पाण्यात सोडून पाहिली नसावी.

काडी तिरकी झाली. मुंगी दुधात पडली, सहाही पाय झाडत गोल फिरली, वाटीच्या कडेपर्यंत आली, तिथून घसरली, पुन्हा आली. ‘चढ गं बाई, चढ,’ असं शुभांगी मनातल्या मनात म्हणत होती. दहावी झालेली, पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगला गेलेली ही मुलगी त्या क्षणी एका मुंगीला नवस बोलत होती. मुंगी थकली. पाय आखडले आणि एक लाल ठिपका दुधावर तरंगत राहिला.

“बघितलंस?” तुळजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट त्या खाली बसल्या आणि कपाळाला हात लावला. “मला जलमल्यापास्नंच वाटत हुतं. हिला पाजायचं न्हाई आता. एक थेंबबी न्हाई.”

*

पिरंगुटच्या वरच्या आळीतलं हे घर. शेत होतं तोवर घर कौलारू होतं. शेतावर कंपनी उभी राहिली आणि घरावर स्लॅब पडला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढून भाड्यानं दिल्या होत्या. शेतातल्या कंपनीतच शेखरला, तुळजाबाईंच्या एकुलत्या मुलाला, हेल्परची नोकरी लागली होती. शेखर वाईट माणूस नव्हता. खरं तर तो अजून माणूसच झाला नव्हता, आईचा मुलगाच राहिला होता. त्याची जीभ जड होती. ‘र’ त्याला कधी नीट आला नाही, आणि म्हणून तो बोलायचाच कमी. आळीतली पोरं त्याला लहानपणी ‘बोबड्या’ म्हणत आणि मोठेपणी पाठीमागून म्हणत.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण शुभांगीला आई नव्हती. वडील कुशाबा ताम्हिणीला घाटाच्या तोंडाशी चहाभज्यांची टपरी चालवायचे. पाचवीला ते आले, तांदळाची पिशवी आणि गावठी कोंबडी घेऊन. ओसरीवर बसून त्यांनी मुंगीची हकीगत ऐकून घेतली. लेकीची बाजू घेऊन बाप दोन शब्द बोलेल, या आशेनं शुभांगी दाराआड उभी होती.

कुशाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “इहीनबाई, पोरीची आई असती तर तिनं आदीच काय आसंल ते बघितलं आसतं. आमच्या घरात बाईमानूस न्हाई. चूक झाली. पदरात घ्या.”

बाजारातून आणलेल्या बैलात खोट निघावी आणि विकणाऱ्यानं हात जोडावेत, तसा हा माणूस माफी मागून निघून गेला. जाताना नातीच्या हातावर त्यानं नोट ठेवली. लेकीकडे त्याला बघवलं नाही.

त्याच दुपारी तुळजाबाईंनी शुभांगीची छाती बांधायला घेतली. जुन्या लुगड्याचे पट्टे फाडून ठेवले होते. दूध आटवायचं तर मोगऱ्याची फुलं छातीवर दाबून बांधतात, हे तुळजाबाईंना पक्कं माहीत होतं. फुलं आणायला शेखरला चौकात पाठवलं. मे महिना, लग्नसराई, मोगरा भरपूर. शेखर पुडा घेऊन आला. लग्न झाल्यापासून त्यानं बायकोला कधी गजरा आणला नव्हता. आणला तो आज, आणि आईच्या हातात देऊन बाहेर गेला.

“हात वर कर,” तुळजाबाई म्हणाल्या. त्यांनी गजरे उलगडून छातीवर पसरले आणि वरून पट्टा आवळला. शुभांगी कळवळली.

“दुखतंय आत्या. सैल करा जरा.”

“दुखनारच. चार दिस दुखंल, मंग आटंल. माजं न्हाई का आटलं?” दुसरा पट्टा आवळताना त्यांनी आपला गुडघा सुनेच्या पाठीला टेकवला. “तुला वाटत आसंल, म्हातारी वैरीन हाय. आगं, मला तर सांगनारंबी कुनी न्हवतं. पैला ल्योक झाला मला. गोरापान. आसाच रडायचा, सोडायचा, रडायचा. मी आपली येड्यावानी पाजत ऱ्हायले. बारशाच्या आदीच गेला. तो गेल्यावर माज्या सासूनं मुंगी सोडली. तवा कळलं.”

“काय कळलं?”

“मी माज्या हातानं इख पाजलं त्याला.”

हे त्यांनी भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तितक्या साधेपणानं सांगितलं. शुभांगी दुखणं विसरून त्यांच्याकडे बघत राहिली.

“मंग फुडच्यांना?”

“येकालाबी न्हाई. दोन पोरी, ह्यो शेखर. समदी बोंडल्यावर वाढवली, शेळीच्या दुधावर. अंगाला लावलंच न्हाई. मला दर खेपेला येवडं दूध यायचं की चोळी भिजून वल्ली व्हायची. गोठ्यामागं जाऊन धोंड्यावर पिळायचे. झाडाच्या बुडाला न्हाई वतू दिलं सासूनं, झाड जळंल म्हनायची.” त्यांनी शेवटची गाठ मारली, निरगाठ. “तुजी येक तरी वाचंल. मला कुनी आदी सांगितलं आसतं तर.”

तुळजाबाईला दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. शुभांगी त्या दिवसांत तेच करत होती आणि तिला तो हक्क होता. पण त्या पट्ट्याची गाठ मायेची होती, ही यातली खरी भयंकर गोष्ट. आळीतल्या बायका पूर्वी तुळजाबाई दिसली की अंगावरचं लेकरू पदराखाली झाकून घेत. कोणाच्या पाचवीला तिला बोलावणं नसे. असं आयुष्य काढलेली बाई आपल्या नातीला त्याच विषातून ओढून बाहेर काढत होती, आणि त्यासाठी सुनेच्या बरगड्या मोडल्या असत्या तरी तिला चाललं असतं.

*

बोंडलं माळ्यावरून खाली आलं. पितळेचं, चोच असलेलं, शेखरच्या वेळचं. त्यातून पोरीच्या घशात गाईचं दूध पाणी घालून ओतलं जाऊ लागलं. निम्मं आत जाई, निम्मं गळ्यावरून ओघळून मानेच्या घडीत आंबट होई. मग हगवण लागली. पोरीचे गाल बसले, डोकं मोठं दिसू लागलं. शुभांगीची छाती पट्ट्याखाली ठणकत होती. अंगात ताप होता, मोगरा कुजून त्याला वास सुटला होता. पोर रडली की तिच्या दोन्ही अंगांतून पान्हा फुटायचा आणि फुलांत जिरून जायचा. ती पोरीकडे हात करायची आणि तुळजाबाई पोर उचलून बाहेरच्या खोलीत न्यायच्या.

वर भाड्यानं राहायची ती जुईली. अकोल्याची, नवरा हिंजवडीला कंपनीत. पोरीचं रडणं स्लॅबमधून वर ऐकू जाई. एक दिवस तिला राहवेना, ती खाली आली.

“काकू, रागावू नका, पण बाळाचं तोंड एकदा बघू का? माझ्या भाच्याला असंच होत होतं. त्याला टंग टाय निघाला. जीभ खाली चिकटलेली असते, बाळाला ओढताच येत नाही.”

“जिभंला काय धाड भरलीया?” तुळजाबाई म्हणाल्या. “रडती बघ कशी. जीभ नसती तर रडली आसती व्हय?”

जुईलीनं तरी करंगळीनं पोरीचा ओठ खाली केला. पोर रडतच होती, त्यामुळे उघडं तोंड आयतंच मिळालं. जिभेचं टोक वर उचललं जात नव्हतं. मधोमध खाली ओढल्यासारखं होतं, आणि दोन्ही बाजू तेवढ्या वर येत होत्या.

“हे बघा ना काकू. जीभ वर येतच नाहीये. डॉक्टर एका मिनिटात मोकळी करतात. मी डॉक्टर नाही, पण एकदा दाखवून तरी आणा.”

तुळजाबाईंनी वाकून पाहिलं आणि त्या चक्क हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं होतं.

“आगं, ही तर घरचीच खूण हाय. आमच्या हितं समद्यांची जीभ आशीच. शेखरची बघ जाऊन. माज्या पैल्याचीबी आशीच हुती. शेखरच्या बापाचीबी. खानदानी जीभ हाय ती. त्यात काय बिघाड आसतोय?”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर तीन पिढ्या घरात राहत होता. त्याला सगळे ओळखत होते, कौतुकानं ‘खानदानी’ म्हणत होते, आणि दरवेळी फाशी दुधाला होत होती. शुभांगीनं ते वाक्य ऐकलं. तापानं तिचं डोकं जड झालं होतं तरी ‘माज्या पैल्याचीबी’ हे शब्द तिच्या डोक्यात रुतून बसले.

“मला दवाखान्यात जायचंय,” ती आतून म्हणाली.

“बाळंतीन उंबऱ्याभाईर पडत न्हाई.”

“शेखरला सांगा, त्यो घिऊन जाईल.”

संध्याकाळी शेखर कामावरून आला, जेवला, आईकडे बघितलं, आणि म्हणाला, “आये म्हनती तसं कर.” त्यातला एकुलता एक ‘र’ त्याला नेहमीसारखाच आला नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर रडायची थांबली.

शुभांगीला आधी बरं वाटलं, झोपली म्हणून. तुळजाबाईंना मात्र ती शांतता ओळखीची होती. हातातलं काम टाकून त्या धावत आल्या, पोरीचा हात उचलला, सोडला. तो तसाच पडला. टाळू आत गेली होती. ओठ कोरडे पडले होते.

“शुभे! ऊठ!” त्या ओरडल्या. “ऊठ गं, आसाच गप झाला हुता तो. आसाच!”

उंबरठा, सोयर, बाळंतिणीचं वारं, सगळं एका क्षणात बाजूला पडलं. चप्पलही न घालता ती बाई नातीला पदरात घेऊन डांबरी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पौडकडून येणारी सहा आसनी रिक्षा तिच्या पुढ्यात करकचून थांबली. आत बसलेल्या दोघांना तिनं दंडाला धरून खाली उतरवलं. “पुन्याला घे. कोथरूडला. ल्हान पोरांचा दवाखाना आसंल तितं घे.” शुभांगी मागून धडपडत आली. कुजक्या मोगऱ्याचा वास रिक्षाभर झाला. चांदणी चौकाच्या चढावर रिक्षा मंदावली तेव्हा तुळजाबाई पुढच्या सीटच्या पाठीवर मुठीनं मारत होत्या, बैलाला मारावं तशा.

पोर वाचली. ते एक देवानं केलं, किंवा सलाईननं. नळी लावली, रात्र गेली, सकाळी पोरीनं डोळे उघडले आणि पुन्हा किंचाळायला लागली. ते किंचाळणं ऐकून तुळजाबाईंनी दवाखान्याच्या भिंतीला डोकं टेकवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. तोवर शेखरही रजा टाकून आला होता.

“अंगावर का पाजत नाही?” त्यांनी कागद चाळत विचारलं.

“दूध बाधतं तिचं,” तुळजाबाई म्हणाल्या.

“कोणी सांगितलं?”

“मुंगीनं,” शुभांगी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. थट्टा आहे का, म्हणून तिघांकडे पाहिलं. मग हात धुतले, पोरीच्या तोंडात बोट घातलं, जीभ वर उचलून बघितली.

“हे बघा. जिभेखालचा पडदा पार टोकापर्यंत आलाय. ओढणार कशी बिचारी? अगदी याच्यामुळेच असेल असं छातीठोक नाही सांगत, पण मला तरी तसं वाटतं. मोकळा करून टाकू. घरात आणखी कोणाला आहे का?”

शेखर काहीतरी बोलला. त्याचं ते बोलणं ऐकून डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले.

“तुम्ही जीभ बाहेर काढा बघू. आणखी. आणखी काढा.”

तिशीला आलेला तो माणूस तीन बायका आणि एक नर्स यांच्यासमोर जीभ काढून उभा राहिला. जीभ खालच्या ओठाच्या पुढे जाईना. टोक मधोमध आत ओढलेलं, पत्त्यातल्या बदामासारखं. नर्स तोंड फिरवून हसली.

“घ्या! वारसा आहे की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजी, यांना पाजताना तुम्हाला पण त्रास झाला असेल.”

“पाजलंच न्हाई.”

“का?”

तुळजाबाई शेखरच्या तोंडाकडे बघत होत्या. ते तोंड त्यांनी आजवर घासून धुतलं होतं, भरवलं होतं, रागानं दाबलं होतं. त्यातली जीभ त्यांना पाठ होती.

“डाक्टरीनबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “आन् दुधात? दुधात काय नसतंय?”

“दुधात दूध असतं आजी. दुसरं काय असणार?” असं म्हणून त्या हसल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. एका वाक्यात त्यांनी कोणाचं काय केलं, हे त्यांना आयुष्यात कळणार नव्हतं.

पडदा कापायला खरोखरच मिनिट लागलं. रक्ताचा ठिपका आला तेवढाच. नर्सनं शुभांगीच्या छातीचे पट्टे कात्रीनं कापून काढले, काळा पडलेला मोगरा बादलीत टाकला आणि पोर अंगाशी दिली. पोरीनं तोंड लावलं, धडपडली, सुटली, पुन्हा लावलं, आणि ओढलं. या खेपेला सोडलं नाही. दूध पार आटायच्या बेताला आलं होतं, पण एकेक घोट घशातून उतरताना ऐकू येत होता. खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या तुळजाबाईंनाही ऐकू येत होता.

थोड्या वेळानं शेखर चहा घेऊन आला. शुभांगी पोरीला खांद्यावर टाकून बाहेर आली आणि सासूच्या शेजारी बसली. तिच्या बगलेखाली पट्ट्याचे वळ उठले होते. ती चहा फुंकत राहिली. मग अगदी सहज, ‘साखर कमी हाय’ म्हणावं तशी म्हणाली:

“म्हंजी आत्या, तुमचंबी दूध चांगलंच हुतं.”

हे सांत्वन नव्हतं. तिनं ते नेम धरून मारलं होतं. रिक्षात, रात्रभर, नळीकडे बघत ती हेच एक वाक्य घोटत बसली होती.

“काय?” शेखरनं विचारलं.

तुळजाबाईंनी चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. प्लास्टिकचा तो फेकायचा कप त्यांनी नळाखाली नेऊन धुतला, उपडा करून पाणी झटकलं, आणि तो कुठं ठेवायचा ते न कळून हातात घेऊन उभ्या राहिल्या.

*

बारशाला जुईलीनं सुचवलेलं नाव ठेवलं, किमया. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं शुभांगीनं पोर सारखी अंगाशी ठेवली, आणि दूध परत आलं. जून सरेपर्यंत पोरीच्या मनगटाला वळ्या पडल्या.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आळीत कोणी विचारलं तर तुळजाबाई सांगत, “डाक्टरनं जीभ कापली, म्हनून पिती. दूध म्हंजी आपलं हलकंच हाय तिचं.” शुभांगी ऐकून सोडून द्यायची. म्हातारी आता तिला आत-बाहेर करायला अडवत नव्हती, टोमणा मारत नव्हती. पोरीला मात्र ती हातात घेईनाशी झाली होती. न्हाऊ घालायचं, काजळ घालायचं, सगळं शुभांगीवर टाकून बाजूला व्हायची. हे त्या दोघींत कधी बोललं गेलं नाही. त्या पहिल्या मुलाबद्दलही नाही. तो कुठं पुरला होता ते शेखरला ठाऊक नव्हतं, आणि शेताला कंपनीचं कंपाउंड घातल्यापासून तुळजाबाईही तिकडे गेल्या नव्हत्या.

एक दिवस दुपारी शेखर कामावर होता. बाहेर पाऊस लागून राहिला होता. शुभांगी भिंतीला टेकून पाजत बसली होती आणि तुळजाबाई समोर ताट घेऊन तांदूळ निवडत होत्या. पोरीच्या गिळण्याचा आवाज घरभर येत होता.

“शुभे,” तुळजाबाई ताटाकडे बघतच म्हणाल्या. “कसं वाटतं गं?”

“काय?”

“ती वढती तवा.”

शुभांगीनं मान वर केली. चार बाळंतपणं झालेली बाई हे पहिलटकरणीला विचारत होती. तिचे डोळे खाली होते, पण हात ताटात थांबला होता. ‘दुखतं’ एवढंच ऐकायला मिळालं असतं तरी तिचं भागलं असतं. ‘काय न्हाई, दुखतंच नुसतं, नकोसं हुतं,’ असं कोणीतरी म्हणावं, म्हणजे आपलं फार काही गेलं नाही असं तिला म्हणता आलं असतं. शुभांगीला हे कळलं. तो शब्द तिच्या ओठांवर आलाही. पण पाठीत रुतलेला तो गुडघा ती अजून विसरली नव्हती.

तिनं खरं सांगितलं. सावकाश, काही हातचं न राखता.

“सुरवातीला झिनझिन्या येत्यात, पाठीपास्नं. मंग आंग सैल पडतं. लई तान लागती. तिचं डोळं हाय का, ते वर माज्याकडं लावती आन् मिटत मिटत जाती. हा हात बघा, आसा फिरवत ऱ्हाती, काय तरी धुंडल्यावानी. दिसभर कायबी झालं आसूंदे, शेखर काय बोलला आसूंदे, ती लागली की समदं लांब जातं. दुसऱ्या कशानं न्हाई येत आसं, आत्या. मला तर वाटतं, जन्माला येऊन येवढंच चांगलं मिळालं.”

तुळजाबाई ऐकत होत्या. तोंडावरची एक रेष हलली नाही.

“आन् आसं हिकडं पीत आसली,” शुभांगी म्हणाली, “की तिकडच्या अंगातनं आपसूक गळाय लागतं. झंपर भिजून जातो समदा.”

“व्हय,” तुळजाबाई म्हणाल्या. “तेवढं ठावं हाय मला.”

मग त्यांनी ताट जवळ ओढलं, आणि निवडून झालेला तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतला.